नीपर नदीवरचे चांदणे

1880 साली सेंट पीटर्सबर्गच्या बोल्शाया मोर्स्काया रस्त्यावर लोकांची रांग लागली होती. रस्ता श्रीमंतांचा, त्यामुळे घोडागाड्यांचीही दाटी झाली होती. तिथल्या कलावंत प्रोत्साहन संस्थेच्या दालनात चित्रप्रदर्शन भरले होते. प्रदर्शन म्हटले की भिंतभर टांगलेली चित्रे डोळ्यांसमोर येतात. इथे चित्र एकच होते. एकट्या एका चित्राचे प्रदर्शन ही रशियात नवीच गोष्ट होती. दालनाच्या खिडक्यांना गडद पडदे लावले होते. दिवसाचा उजेड आत येऊ दिलेला नव्हता आणि त्या काळोखात फक्त चित्रावर दिव्याचा झोत सोडला होता. गर्दी इतकी की लोकांना थोडे-थोडे करून आत सोडावे लागे, आणि आत गेलेले लवकर बाहेर यायला तयार नसत. काही जण तर चित्राच्या मागे डोकावून पाहत. कॅनव्हासच्या पाठीशी कुठेतरी दिवा लपवलेला आहे, अशी त्यांची खात्री होती.

मागे काहीच नव्हते. एक ताणलेले कापड, लाकडी चौकट आणि भिंत.

चित्राचे नाव ‘नीपरवरील चांदणी रात्र’. आकार साधारण 105 सेंटिमीटर उंच आणि 145 सेंटिमीटर रुंद, म्हणजे वर्गातल्या फळ्याच्या तुलनेत लहानच. चित्रकाराचे नाव अर्खिप कुइंजी. वय चाळिशीच्या आतले. आजही इंटरनेटवर हे चित्र शेअर होते तेव्हा खाली ‘जादू’, ‘चमत्कार’ अशा प्रतिक्रिया हमखास दिसतात. 1880 मध्येही हेच म्हटले जात होते, आणि त्यात कौतुकाबरोबर थोडा संशयही होता. कुणी म्हणे रंगात काही गुप्त द्रव्य मिसळले आहे, कुणी म्हणे दिव्याचा खेळ आहे. मला या ‘जादू’ शब्दाविषयी थोडी तक्रार आहे. जादू म्हटले की माणसाची मेहनत आणि अक्कल दोन्ही हिशेबातून बाद होतात. हे चित्र कसे उभे राहिले ते नीट पाहिले, तर ते जादूपेक्षा कितीतरी जास्त आश्चर्याचे आहे.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. खरे तर फार काही नाही. आपण कुठल्या तरी उंचवट्यावर उभे आहोत आणि खाली सपाट मैदान दूरवर पसरले आहे. त्या मैदानातून नीपर नदी संथपणे वाहते आहे. वर आकाश, आणि चित्राचा बराच मोठा भाग या आकाशानेच व्यापलेला. ढगांचे थर मधेच बाजूला सरले आहेत आणि त्या फटीतून चंद्र दिसतो. चंद्राच्या नेमका खाली नदीचा एक पट्टा हिरवट प्रकाशाने पेटल्यासारखा झाला आहे. बाकी सारी जमीन गडद. डावीकडे खाली काही झोपड्यांच्या काळ्या आकृत्या दिसतात आणि त्यातल्या एका खिडकीत दिव्याचा तांबूस ठिपका. माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. झाडाची फांदी पुढे आलेली नाही, नाव नाही, नावाडी नाही, प्रेमी युगुल नाही. त्या काळातली चांदण्यातली चित्रे बघितली, तर त्यात हे सारे सामान ठासून भरलेले असते. एखादा मोडका किल्ला असतो, किनाऱ्यावर शेकोटी असते, वादळात सापडलेले जहाज असते. कुइंजींनी हे सगळे बाहेर काढले. उरले पाणी, माती, आकाश आणि प्रकाश.

हे काढून टाकणे सोपे नव्हते. रिकामी जागा ठेवायला चित्रकाराला धाडस लागते, कारण रिकाम्या जागेत चूक लपत नाही.

आता तो प्रकाश. इथे थोडा वेळ थांबू, कारण खरी गोष्ट इथेच आहे. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत पौर्णिमेचा प्रकाश जवळपास चार लाख पटींनी मंद असतो. असे असूनही निसर्गात चंद्राचे बिंब आणि झाडाखालची सावली यांच्या तेजात प्रचंड तफावत असते. चित्रकाराकडे काय असते? सर्वांत पांढरा रंग आणि सर्वांत काळा रंग. त्या दोघांमधला तेजाचा फरक फार तर काही डझन पटींचा. म्हणजे चंद्र जसाच्या तसा रंगवणे कुणालाच शक्य नाही. कितीही शुभ्र रंग ओतला तरी तो चंद्र होत नाही, चुन्याचा डाग होतो. मग उरतो एकच मार्ग: चंद्र उजळ करता येत नसेल, तर बाकीचे जग अंधारात न्या. पण सरसकट काळे फासले की चित्र मरते. त्यामुळे अंधारालाही शंभर पायऱ्या द्याव्या लागतात आणि प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा किंचित वेगळी असावी लागते. कुइंजींच्या चित्राचा बहुतांश भाग अंधाराचा आहे आणि त्यांची बहुतांश मेहनत त्या अंधारातच खर्च झाली आहे. प्रकाश शोधायला लोक चित्रामागे गेले. तो चित्रातल्या काळोखात होता.

दुसरी गोष्ट रंगांची. जमिनीचा अंधार त्यांनी तांबूस-तपकिरी, उबदार ठेवला. नदी आणि आकाशातला उजेड थंड हिरवट ठेवला. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग. असे दोन रंग शेजारी आले की दोघेही आपल्या असतील त्यापेक्षा तेज दिसतात. हे चित्रकारांना अनुभवाने पूर्वीपासून माहीत होते, पण त्याचा पद्धतशीर अभ्यास केला फ्रान्सच्या मिशेल शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने. शेवरल पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, रंग नीट बसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा धाग्यात दोष निघाला नाही. त्याच्या शेजारी विणलेल्या रंगामुळे तो तसा भासत होता. यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हे त्या ग्रंथाचे सार.

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची. संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीकडे बघून पाहा. दुपारी लालभडक दिसणारे फूल अंधारू लागल्यावर आधी काळवंडते आणि हिरवी पाने मात्र त्यानंतरही बराच वेळ उजळ वाटत राहतात. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल कमी दिसतो आणि निळा-हिरवा जास्त. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले. चंद्राचा प्रकाश प्रत्यक्षात निळा किंवा हिरवा नसतो. तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश, उलट किंचित पिवळसरच. त्याला गारवा देतो तो आपला डोळा. म्हणजे कुइंजींनी नदी हिरवट रंगवली तेव्हा त्यांनी चंद्रप्रकाश रंगवला नाही, चंद्रप्रकाशात माणसाला जे दिसते ते रंगवले. फरक बारीक आहे, पण सगळे चित्र त्यावर उभे आहे.

हे त्यांना नुसत्या अंतःप्रेरणेने सुचले, असे मानायला जागा नाही. त्यांच्या मित्रांमध्ये आवर्तसारणीमुळे आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असलेले मेंडेलीव्ह होते. प्रकाश आणि रंग या विषयांवर काम करणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्योदर पेत्रुशेव्स्की होते. चित्रकार इल्या रेपिन यांनी आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. मेंडेलीव्ह यांनी एकदा चित्रकारांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावले आणि रंगच्छटांमधला बारीक फरक डोळा किती ओळखतो हे मोजणारे एक यंत्र दाखवले. सगळ्यांनी आपापले डोळे तपासून घेतले. कुइंजी सगळ्यांच्या पुढे निघाले. रसायनशास्त्रज्ञ आणि चित्रकार एका खोलीत बसून डोळे तपासत आहेत, हे दृश्य मला त्या चित्राइतकेच आवडते. आपल्याकडे दहावीनंतर विज्ञान आणि कला यांच्यात जी भिंत उभी राहते, ती त्या खोलीत नव्हती.

आता या चित्रकाराच्या नावाकडे येतो. भाषा शिकवणाऱ्या माणसाला नाव सोडून पुढे जाणे जमत नाही.

‘कुइंजी’ मधला ‘जी’ हा गांधीजींमधला आदरार्थी ‘जी’ नाही. तो तुर्की भाषेतला प्रत्यय आहे. तुर्कीत ‘कुयुमजू’ म्हणजे सोनार. धंदा दाखवणारा हा ‘जी’ किंवा ‘ची’ आपल्या रोजच्या भाषेतही आहे. तोप चालवणारा तो तोपची, मशाल धरणारा तो मशालजी, तबला वाजवणारा तो तबलजी. तुर्कीतून फारसीत, फारसीतून उर्दू आणि मराठीत, असा याचा प्रवास. नीपरच्या काठचा चित्रकार आणि मराठी तमाशातला तबलजी एकाच प्रत्ययाचे नातलग आहेत, हे कळले तेव्हा मला फार मौज वाटली.

पण तुर्की आडनावाचा हा माणूस तुर्क नव्हता, मुसलमानही नव्हता. तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीक. अझोव्हच्या समुद्राकाठी मारिउपोल गावाबाहेरच्या वस्तीत त्याचा जन्म झाला. साल बहुधा 1842, पण वेगवेगळ्या कागदपत्रांत 1841 आणि 1843 असेही आढळते. गरिबाघरच्या पोराची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी आणि दुसऱ्या कागदावर वेगळी असणे, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना नवा नाही. हे ग्रीक मूळचे क्रिमियाचे. क्रिमियात तेव्हा तातार मुसलमानांची खानत होती आणि शतकानुशतके तातार शेजाऱ्यांत राहून या ग्रीकांपैकी अनेकांची घरची भाषाच तातारी-तुर्की झाली होती. 1778 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्या राजवटीत हजारो ख्रिस्ती क्रिमियातून हलवले गेले आणि त्यातून मारिउपोल वसले. पुढे 1783 मध्ये क्रिमियाही रशियाने गिळंकृत केला.

या तुर्की बोलणाऱ्या ग्रीकांना ‘उरुम’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटत नसेल, तर त्यातला पहिला ‘उ’ काढून पाहा. ‘रूम’. कुरआनच्या तिसाव्या सूरहचे नाव ‘अर-रूम’. तिथे अभिप्रेत आहे ते पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन साम्राज्य. मौलाना जलालुद्दीन यांना ‘रूमी’ म्हणतात तेही ते त्या जुन्या रूमच्या मुलखात, कोन्यात राहिले म्हणून. उस्मानी राज्यातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांना ‘रूम’ म्हणत. जुन्या तुर्की बोलींना शब्दाच्या सुरुवातीला ‘र’ उच्चारणे जड जाई, म्हणून आधी एक स्वर आला. आपल्याकडे स्कूलचे ‘इस्कूल’ आणि स्टेशनचे ‘इस्टेशन’ होते तसेच.

म्हणजे बघा, धर्म ख्रिस्ती, वंश ग्रीक, घरातली बोली तुर्की-तातारी, राज्य रशियाचे आणि भूमी आजच्या युक्रेनची. एका भावाने आडनावाचे रशियन भाषांतर करून ‘झोलोतारेव’ लावले, तेही सोनारच. अर्खिपने तुर्की रूप ठेवले. भाषेवरून माणसाचा धर्म ओळखणारे आणि धर्मावरून भाषा ठरवणारे लोक सगळीकडे भेटतात. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांना मारिउपोलचे उरुम भेटायला हवे होते. आपल्यातल्याच तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, शिकलगार यांच्या आडनावांत धंदा आहे, धर्म नाही. कुइंजींचेही तसेच.

आई-वडील अर्खिपच्या लहानपणीच गेले. वडील चांभारकाम करत. पोर नातलगांकडे वाढले. गुसे म्हणजे हंसासारखे पाळीव पक्षी राखणे, बांधकामावर विटा मोजून घेणे, धान्याच्या व्यापाऱ्याकडे घरकाम करणे, असली कामे त्याने केली. शिक्षण जेमतेम. पण हाताला कोळसा लागला की भिंत सोडायचा नाही. विटांच्या हिशेबाच्या वहीतही तो चित्रे काढी. कुणीतरी सुचवले म्हणून किशोरवयात तो क्रिमियातल्या फिओदोसियाला आयवाझोव्स्कींकडे गेला. आयवाझोव्स्की म्हणजे समुद्राचे जगप्रसिद्ध चित्रकार, जन्माने अर्मेनियन, ज्यांची चित्रे इस्तंबूलच्या सुलतानांच्या महालातही लागली. या मोठ्या माणसाने पोराला काय शिकवले? रंग घोटायला लावले आणि कुंपण रंगवायला दिले. थोडेफार मार्गदर्शन मिळाले ते तिथल्या एका शिष्याकडून. काही महिन्यांत अर्खिप परत आला. चांदण्यातला समुद्र हा आयवाझोव्स्कींचा आवडता विषय, त्यामुळे कुइंजींना त्यांचा शिष्य म्हणण्याची पद्धत आहे. मला ते फारसे पटत नाही. आयवाझोव्स्कींच्या चांदण्यात काहीतरी घडत असते. लाटा उसळतात, गलबते हेलकावतात. कुइंजींच्या नदीत काही घडत नाही, आणि तीच तिची ताकद आहे.

माझ्या मते त्यांची खरी शाळा वेगळीच होती. तरुणपणी बरीच वर्षे त्यांनी फोटो स्टुडिओत रिटचिंगचे काम केले. जुन्या पिढीला हे काम माहीत असेल: निगेटिव्हवर किंवा छापलेल्या फोटोवर बारीक पेन्सिलीने, कुंचल्याने चेहऱ्यावरचे डाग पुसणे, सावली हलकी करणे, डोळ्यांत चमक आणणे. दिवसभर रंग नाहीच, फक्त काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा. सगळा खेळ किंचित गडद आणि किंचित फिका यांचा. ‘नीपर’मधल्या अंधाराच्या ज्या शंभर पायऱ्या, त्या चढायचा सराव त्यांनी बहुधा गिऱ्हाइकांच्या गालांवरच्या सावल्या पुसताना केला असावा.

पीटर्सबर्गच्या कला अकादमीने प्रवेशपरीक्षेत त्यांना एकदा नव्हे, दोनदा नापास केले. 1868 मध्ये त्यांनी अकादमीच्या प्रदर्शनात क्रिमियातल्या एका तातार घराचे चित्र मांडले आणि तिथून अकादमीचे दार किलकिले झाले. पुढच्या दहा वर्षांत ‘युक्रेनियन रात्र’ (1876) आणि इतर चित्रांनी त्यांचे नाव झाले.

‘नीपर’ पूर्ण होत होते तेव्हाच त्याची बातमी शहरभर पसरली होती. रविवारी दोन तास कुइंजी आपल्या स्टुडिओचे दार लोकांसाठी उघडत. लेखक तुर्गेनेव्ह, कवी पोलोन्स्की, चित्रकार क्राम्स्कोय, मेंडेलीव्ह, सगळे पाहून गेले. असे सांगतात की एकदा नौदलाचा एक तरुण अधिकारी आला आणि चित्र विकायचे आहे का, असे त्याने विचारले. तुम्हाला परवडणार नाही, असे सांगून कुइंजींनी किंमत सांगितली, पाच हजार रूबल. अधिकारी म्हणाला, ठीक आहे, माझे. तो अधिकारी म्हणजे झारच्या घराण्यातला राजपुत्र कॉन्स्टॅन्टिन कॉन्स्टॅन्टिनोविच होता. वय बावीस. स्वतः कवी.

आणि इथून चित्राच्या वाट्याला जे आले ते वाचताना जीव हळहळतो. राजपुत्राचे चित्रावर इतके प्रेम जडले की समुद्रप्रवासाला निघताना त्याने ते जहाजावर सोबत घेतले. तुर्गेनेव्ह तेव्हा पॅरिसमध्ये होते. खारट, दमट हवेत महिनोन्महिने राहिले तर चित्राचा सत्यानाश होईल, हे त्यांना दिसत होते. त्यांनी विनवण्या केल्या, चित्र पॅरिसमध्ये ठेवून जा म्हणून सांगितले. एवढेच झाले की 1881 च्या जानेवारीत पॅरिसच्या सेडेलमेयर गॅलरीत ते थोडे दिवस लागले. नंतर ते पुन्हा जहाजावर गेले आणि समुद्राच्या हवेत हिंडले.

दोष एकट्या समुद्राचा नव्हता. हवा तसा खोल, उबदार अंधार मिळावा म्हणून कुइंजींनी डांबरवर्गातले, म्हणजे बिट्युमेन असलेले रंग वापरले होते, असे जाणकार सांगतात. हा रंग लावताना मखमलीसारखा सुंदर दिसतो. पण तो काळाबरोबर काळवंडत जातो आणि शेजारच्या रंगांनाही सोबत नेतो. एकोणिसाव्या शतकात युरोपभर कितीतरी चित्रे या रंगाने खाल्ली. ज्या अंधाराने प्रकाश निर्माण केला, तोच अंधार पुढे प्रकाशावर चढू लागला. आज आपण जे पाहतो ते 1880 मध्ये लोकांनी पाहिलेले चित्र नाही. त्याच्यापेक्षा मंद झालेले चित्र आहे.

हे होणार, असे एकाला तेव्हाच वाटले होते. इव्हान क्राम्स्कोय हे स्वतः मोठे चित्रकार आणि समकालीनांची कदर करणारे माणूस. त्यांनी वृत्तपत्रकार सुवोरिन यांना लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण शंका मांडली. हे रंग टिकले नाहीत तर? पुढच्या पिढ्या हे चित्र पाहतील आणि आमच्याकडे बघून हसतील, म्हणतील की यांना यात एवढे काय दिसले? म्हणून त्यांनी सुचवले की आपण ज्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले त्यांनी एक लेखी साक्ष करून ठेवावी: या चित्रातला प्रकाश खरा होता, हवा खरी होती, नदी खरोखर वाहत होती.

चित्राची साक्ष! मला यावर खूप विचार करावासा वाटला. आपल्या परंपरेत रिवायतीचा, म्हणजे कुणी कुणाकडून काय ऐकले आणि सांगणारा किती विश्वासार्ह आहे याचा शोध घेण्याचे मोठे शास्त्र उभे राहिले. ते शब्दांसाठी होते. इथे एक रशियन चित्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या उजेडासाठी तेच मागत होता. क्राम्स्कोय यांचे पत्र टिकले, पोलोन्स्की आणि रेपिन यांनी लिहिलेले टिकले. त्या लोकांना कॅनव्हासच्या मागे दिवा आहे असे वाटले होते, ही गोष्टही एक प्रकारची साक्षच आहे. मूर्खपणाची म्हणून हसण्यावारी न्यावी अशी नाही. तेव्हाचा प्रकाश किती होता याचे माप तीच देते. कुइंजींनी याच चित्राच्या पुढे आणखी आवृत्त्या केल्या. 1882 ची एक मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. मूळ चित्र पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये.

1882 नंतर कुइंजींनी प्रदर्शन भरवणेच बंद केले. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना ते गप्प झाले. 1901 मध्ये मोजक्या लोकांना स्टुडिओत बोलावून त्यांनी काही चित्रे दाखवली, पण पुन्हा जाहीर प्रदर्शन कधीच नाही. चित्रे मात्र ते मरेपर्यंत रंगवत राहिले. या मौनाची कारणे बरेच जण आपापल्या परीने सांगतात. मी त्यात पडत नाही. पण शिक्षक म्हणून त्यांनी काय केले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या अकादमीने दोनदा नापास केले, तिथेच ते निसर्गचित्रणाचे प्राध्यापक झाले. 1897 मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला, कुइंजी विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांची नोकरी गेली. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या पैशांनी युरोप दाखवायला नेले. ज्याने काढून टाकले त्याच अकादमीला 1904 मध्ये तरुण चित्रकारांच्या बक्षिसांसाठी एक लाख रूबल दिले. 1910 मध्ये वारले तेव्हा उरलेली मालमत्ता चित्रकारांच्या संस्थेला ठेवून गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव भारतीयांना ओळखीचे आहे: निकोलाय रोरिक. कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक होऊन हिमालय रंगवत राहिलेले आणि डिसेंबर 1947 मध्ये तिथेच देह ठेवलेले. रोरिक यांच्या हिमशिखरांवरचा तो अंगातून उगवल्यासारखा उजेड बघताना नीपरची आठवण होतेच.

मारिउपोलमध्ये 2010 साली कुइंजींच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मारिउपोलला वेढा घातला. त्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात ते संग्रहालय उद्ध्वस्त झाले. कुइंजींची मूळ चित्रे त्या वेळी त्या इमारतीत नव्हती, पण शहर पडल्यावर तीही रशियाच्या ताब्यात गेली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपल्याकडच्या कुइंजींच्या चित्राशेजारची पाटी बदलली. आधी ते रशियन चित्रकार होते, आता युक्रेनियन झाले. युक्रेनच्या लोकांचा हक्काचा दावा मला समजतो. ज्याचे गाव बेचिराख झाले, त्याने आपला माणूस आपला म्हणून मागितला तर त्यात वावगे काय? तरीही त्या पाटीवर तिसरी ओळ लिहायला जागा हवी होती असे वाटते. ग्रीक चांभाराचा मुलगा, तातारी बोलणाऱ्या घरातला, सोनार आडनावाचा. पाट्या एवढ्या मोठ्या नसतात.

हे चित्र बहुतेक वाचक मोबाईलवरच पाहतील. तिथे एक गंमत होते. पीटर्सबर्गचे लोक कॅनव्हासमागे जो दिवा शोधत होते, तो आपल्या पडद्यामागे खरोखरच असतो. त्यामुळे चित्र नको इतके चमकते आणि जमिनीतला तांबूस काळोख नुसता काळा दिसतो. वर्गात हे चित्र दाखवताना मी आधी खोलीतले दिवे बंद करायला लावतो, मग पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणतो. मुले सुरुवातीला ओरडतात, ‘सर, काहीच दिसत नाही!’ मी त्यांना चंद्राकडे बघू नका म्हणून सांगतो. चंद्र कुणालाही सापडतो. डावीकडे खाली झोपड्या आहेत, त्यातली उजेड असलेली खिडकी शोधा. अर्ध्या मिनिटात डोळे अंधाराला सरावतात. कुणीतरी म्हणते, ‘सर, सापडली!’ मग दुसरा, मग तिसरा. त्या तांबूस ठिपक्यावर नजर थोडी स्थिरावली की तिथून हळूहळू वर, नदीकडे यायचे.